यात काय आहे?

आमच्या लहानपणी प्रवासातल्या खाण्याचा प्रश्न घरातून निघण्यापूर्वीच सुटलेला असे. अम्मी पहाटे उठून रोट्या भाजायची. सुका खिमा, उकडलेली अंडी, लिंबाचे लोणचे आणि एका कापडात बांधलेला कांदा, एवढी शिदोरी ठरलेली. नगरच्या माळीवाडा स्टँडवरून एस.टी. सुटली की शिरूर येईपर्यंत डबा उघडायचा नाही, हा अब्बांचा कायदा. गाडी हॉटेलपाशी थांबली की बाकीचे प्रवासी आत जायचे. आम्ही लिंबाच्या सावलीत दस्तरखान अंथरायचो. बाहेरचे खाणे म्हणजे चहा, फार तर केळी. हॉटेलवाल्याला कधी काही विचारण्याची वेळच येत नसे. ही काटकसर होती, धर्माची काळजी होती की निव्वळ संकोच, याचा उलगडा तेव्हा कुणी केला नाही. बहुधा तिन्ही एकाच डब्यात बांधलेले असावेत.

आता तसे चालत नाही. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जिभेवर अजून नगरच आहे. तशीच आमची जीभही जुनी आणि मुलांची नवी. आमची मोठी सात वर्षांची आहे, धाकटा चार. त्यांना प्रवास म्हणजे बाहेर खाणे. आणि बाहेर खाणे म्हणजे वडापाव किंवा मिसळ नव्हे. टीव्हीवरच्या जपानी कार्टूनमधला नारुतो नावाचा पिवळ्या केसांचा पोरगा वाफाळत्या वाडग्यातून लांबच लांब शेवया सुर्र करून ओढतो. त्या पदार्थाला रामेन म्हणतात, हे ज्ञान मोठीने आम्हाला दिले. आम्हाला मॅगी माहीत होती. ती भारतात आली १९८३ च्या सुमारास, आणि आमच्या पिढीच्या अम्म्यांनी तिच्यात मटार, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून तिला आपली करून टाकली. त्यानंतर चौकाचौकात चायनीजच्या गाड्या लागल्या. मोठ्या कढईखाली भडकलेली आग, लाल चटणी, कोबीचा ढीग आणि पत्र्यावर रंगवलेला ड्रॅगन. तिथेही आम्ही ओळखीच्या गाडीवरच जायचो. चिकन कुणाच्या दुकानातले, हे ठाऊक असायचे. विचारायचे काम तिथेही पडले नाही. रामेनने मात्र पहिल्यांदा विचारायला लावले.

शेवयांशी आपले नाते काही नवे नाही. आमच्या अम्मीचे माहेर श्रीगोंद्याचे, शेख महंमदबाबांच्या गावचे. उन्हाळ्यात तिथे शेजारच्या मराठा, माळी घरांतल्या बाया आणि आमच्या खाला एकत्र बसून पाटावर शेवया वळायच्या. रवा-मैदा भिजवायचा, तिंबून तिंबून मऊ करायचा, तळहाताखाली ओढत ओढत दोऱ्यासारखा बारीक धागा काढायचा आणि काठीवर वाळत घालायचा. तोच धागा त्यांच्याकडे गुळवणीत जायचा, आमच्याकडे ईदच्या शीरखुर्म्यात. फार्सीत रिश्ता म्हणजे धागा, आणि शेवयांनाही रिश्ताच म्हणतात. आपण उर्दूत नात्याला रिश्ता म्हणतो, तो हाच शब्द. अल-इद्रिसी या मुस्लिम भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी ग्रंथ पुरा केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि मुस्लिम व ख्रिस्ती, दोन्ही मुलखांत जहाजाने जातात, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणजे हा धागा धर्माची वेस तेव्हाही ओलांडत होता.

रामेनचा धागा चीनचा. ‘लामिएन’ म्हणजे हाताने ओढलेल्या शेवया, त्यावरून हा शब्द आला असे बहुतेक जाणकार मानतात. चिनी स्वयंपाक्यांनी तो पदार्थ योकोहामासारख्या बंदरांत नेला. १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात राइराइकेन नावाचे दुकान निघाले आणि रामेन जपानी होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतून गहू आला, तांदळाची टंचाई होती, आणि रामेन गरिबांचे पोटभरीचे अन्न बनला. १९५८ साली मोमोफुकु आंदो या गृहस्थाने तळून वाळवलेल्या, गरम पाण्यात लगेच तयार होणाऱ्या शेवया विकायला काढल्या. आपल्या घरातल्या मॅगीची ती थोरली बहीण.

मुस्लिम वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चीनच्या गान्सू प्रांतात लान्झोऊ नावाचे शहर आहे. तिथल्या हाताने ओढलेल्या शेवया आणि गोमांसाचा स्वच्छ रस्सा साऱ्या चीनमध्ये प्रसिद्ध आहे, आणि तो हुई मुस्लिमांचा पदार्थ आहे. त्याचे आजचे रूप मा बाओझी या हुई माणसाने १९१५ च्या सुमारास घडवले असे सांगतात. शेवयांचा रस्सा हा काही मुळात आपल्याला परका पदार्थ नाही. परका आहे तो जपानी वाडग्यातला एक भाग. रामेनचे अनेक प्रकार आहेत. सोयाबीनच्या सॉसचा, मिठाचा, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा. पण जगभर गाजला तो तोनकोत्सु, म्हणजे डुकराची हाडे तासन् तास उकळून केलेला पांढरट रस्सा. वर चाशू नावाचे तुकडे, तेही बहुधा डुकराचेच. शिवाय चवीच्या सॉसमध्ये मिरीन असते. ती तांदळाची गोडसर दारू. म्हणजे नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. शेवया दिसतात, रस्सा दिसतो, वर अर्धे अंडे आणि पातीचा कांदा. विचारल्याशिवाय इलाज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन पुण्याला निघालो. नगर सोडल्यावर सुमारे ३५ किलोमीटरवर सुपे लागते. पारनेर तालुक्यातले हे गाव पूर्वी दुष्काळी माळरानासाठी ओळखले जायचे. आता तिथे औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यात जपानी कंपन्यांसाठी राखलेला भाग आहे. “इथे जपानी लोक येतात?” मोठीने विचारले. “येतात.” “मग त्यांना रामेन कोण देतं?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. भाकरीच्या मुलखात आलेला तो जपानी इंजिनिअरही एखाद्या धाब्यावर बसून, समोरच्या ताटाकडे बघत, यात काय आहे, असे विचारतच असेल, एवढेच मनात आले.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरची ओकायामा मैत्री बाग मुलांना दाखवली. जपानच्या ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती केली आहे, नाव पु. ल. देशपांडे यांचे. लाकडी पूल, तळ्यातले मासे, आखीव हिरवळ पाहून झाली आणि मोठीने आठवण दिली, आता रामेन. चौकशी करून एका लहानशा हॉटेलात गेलो. सातच्या आत गेलो, कारण लहान मुले घेऊन गर्दीच्या वेळी जाणे म्हणजे आपलाही जीव टांगणीला आणि हॉटेलवाल्याचाही.

वेटर आला. मेनूकार्डावर चित्रे होती, पण चित्रांत हाडे दिसत नाहीत. आम्ही नेहमीच्या आवाजात विचारले, “रस्सा कशाचा आहे? यात काय काय आहे?”

मोठीने आमची बाही ओढली. “अब्बा, आहिस्ता पूछो ना. लोगां देखरे.”

शेजारच्या टेबलावर खरोखरच कुणीतरी मान वळवली होती. फार काही नाही, सहज. पण सात वर्षांच्या पोरीला ती मान दिसली आणि तिने आवाज खाली घेतला. मुलांच्या अम्मीने आमच्याकडे पाहिले. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली.

वर्षभरापूर्वी शाळेत मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. कुणीतरी वाकून विचारले, “यात काय आहे?” डब्यात अंड्याची भुर्जी आणि चपाती होती. तिने सांगितले. तरी पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी हसण्याबरोबर, “नक्की काय आहे?” कोणते पोर, कोणती शाळा, याला इथे महत्त्व नाही, ते पोरही कुठून तरी ऐकूनच बोलले असणार. पण त्या दिवसापासून आमची मुलगी डब्याचे झाकण अर्धेच उघडायला लागली. घरी येऊन रडली नाही, तक्रार केली नाही. काही दिवसांनी तिने अम्मीला एवढेच सांगितले की डब्यात फक्त बटाटा देत जा.

त्या संध्याकाळी हॉटेलात आम्हाला कळले, की तिच्या लेखी ‘यात काय आहे’ हे तीन शब्द म्हणजे आरोप आहे. ज्याला विचारतात त्याची मान खाली जाते, असे ती शिकली होती. आता तिचे अब्बा तोच प्रश्न मोठ्याने दुसऱ्याला विचारत होते. तिला लाज वाटली ती आपल्या मुसलमान असण्याचीच असेल असे नाही. आपण कुणाचा तरी डबा उघडायला लावतोय, याचीही असेल.

आमच्या समाजात बाहेर खाण्याबद्दल बोलताना हलाल-हरामची यादी पुष्कळ सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण विचारायचे कसे, हे कुणी सांगत नाही. काही जण इतके हळू विचारतात की वेटरला ऐकूच जात नाही; मग तो काहीतरी मान हलवतो आणि हे समाधान करून घेतात. काही जण असे विचारतात की समोरच्याला वाटावे, आपण चोर आहोत. तिसरे विचारतच नाहीत. काही जण खातात, काही उपाशी राहतात, आणि दोघेही आतून नाराज. मुले हे तिन्ही चेहरे बघत असतात. ती यादी मागाहून शिकतात, आधी चेहरा शिकतात.

आम्ही आवाज कमी केला नाही, वाढवलाही नाही. वेटरला म्हणालो, “आम्ही डुकराचे मांस आणि दारू घेत नाही. त्याशिवाय मुलांना काय देता येईल, ते आत विचारून सांगाल का?” तो आत गेला आणि थोड्या वेळाने स्वयंपाकी स्वतःच हात पुसत बाहेर आला. मध्यम वयाचा, हिंदी बोलणारा माणूस. त्याने सरळ सांगितले. मोठ्या पातेल्यात डुकराच्या हाडांचा रस्सा आहे. चिकनचा रस्सा वेगळा आहे, पण त्याच्या सॉसमध्ये मिरीन पडते. भाज्या, मशरूम आणि समुद्री शेवाळ यांचा रस्सा तिसऱ्या भांड्यात, त्यात दोन्ही नाही. शेवया सगळ्यांच्या एकाच साध्या पाण्यात उकडतात. वर चाशूऐवजी टोफू आणि मका घालतो. पळी वेगळी घेतो.

आम्ही त्याचे आभार मानले आणि म्हणालो, “तुम्हाला उगाच त्रास दिला.” त्यावर तो हसला. “त्रास कसला साहेब? इथे रोज विचारतात. जैन लोक येतात, कांदा-लसूण आहे का विचारतात. कुणाला अंडे चालत नाही. कुणाचा मंगळवार असतो, कुणाची एकादशी. कुणी शेंगदाण्याला घाबरतो. जो विचारत नाही, त्याचीच आम्हाला भीती वाटते.”

आम्ही मोठीकडे पाहिले. ती ऐकत होती.

खरे तर ही गोष्ट नगरकरांना नव्याने कळायला नको होती. आमच्या शहरात जैन समाज मोठा आहे. कापड बाजारातले कित्येक दुकानदार सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत, काही तर पाणीही घेत नाहीत. आमच्याकडे लग्नाला आले की उजेड असतानाच जेवून जातात, आणि त्यांच्यासाठी वेगळा आचारी लावण्याचा रिवाज आमच्या आजोबांपासून आहे. माळ घातलेला वारकरी शेजारी मांसाचे भांडे लांबूनच ओळखतो, तरी ईदच्या दिवशी सुका मेवा घ्यायला येतो. या मुलखात प्रत्येकाच्या ताटाभोवती एक रेघ आहे. फक्त आमचीच रेघ दिसते आणि आम्हीच ती ओढतो, असे अलीकडे आम्हाला वाटायला लावले गेले आहे, आणि आमच्यातल्या अनेकांनी ते मान्यही करून टाकले आहे.

वाडगे आले. लहान मुलांना रामेन खाऊ घालणे हे काही सोपे काम नाही, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहून ठेवतो. रस्सा उकळता येतो आणि त्यावर तेलाचा थर असल्याने लवकर निवत नाही. वाफ दिसली नाही तरी तोंड भाजते. तेव्हा पहिल्यांदा दोन रिकाम्या वाट्या मागून घ्याव्यात, शेवया त्यांत काढाव्यात आणि चमच्याच्या कडेने किंवा स्वच्छ कात्रीने बोटाएवढ्या कापाव्यात. जपानी आयासुद्धा तेच करतात. दोन मुलांत एक वाडगा पुष्कळ होतो. रस्सा मुलांनी पिऊ नये, चाखावा. एका वाडग्यात एका माणसाचे दिवसभराचे मीठ सहज असते. मिसो आणि सोया सॉस आंबवून केलेले, त्यांच्यात नकळत थोडा मद्यार्क तयार होतो. त्याबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत. आम्ही मुफ्ती नाही. ज्याने त्याने आपल्या जाणकाराला विचारावे. काड्यांचा हट्ट धरू द्यावा, पण काटा जवळ ठेवावा. आणि घाई करावी, कारण या शेवया रस्स्यात पडून राहिल्या की फुगून लगदा होतात. एक घास मुलाला, एक स्वतःला, असे करत बसले तर मोठ्यांच्या वाट्याला खीरच येते.

धाकट्याने पहिलाच धागा सुर्र करून ओढला आणि भीतीने आमच्याकडे पाहिले. घरी आवाज करून खाल्ले की दादी डोळे वटारते. आमच्या नात्यातला एक तरुण काही वर्षे टोकियोजवळ नोकरीला होता. तो सांगायचा, की तिथे रामेन आवाज करून खाणे वाईट समजत नाहीत. त्यानेच आणखी सांगितले होते, की जपानी माणूस जेवायला बसताना हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतो, म्हणजे हे अन्न मी नम्रपणे स्वीकारतो, आणि जेवण झाल्यावर पुन्हा कृतज्ञतेचा शब्द उच्चारतो. मुलांना आम्ही ते सांगितले. “म्हणजे त्यांची बिस्मिल्ला?” मोठीने विचारले. तसे अगदी नाही, पण अन्नासमोर मान झुकवणे तेच, असे आम्ही म्हणालो. टोकियोत मशीद आहे, कोबे शहरात तर १९३५ सालची आहे, हिंदी आणि तातार व्यापाऱ्यांनी पैसा जमवून बांधलेली. आता असाकुसाच्या त्याच भागात हलाल रामेनचे दुकानही आहे, चिकनच्या रस्स्याचे. तिथल्या मुस्लिमांनी रामेन टाकला नाही, आणि आपली रेघही पुसली नाही. कुणीतरी कधीतरी दुकानदाराला विचारले असेल, त्याशिवाय हे घडले नसते.

एवढ्यात धाकट्याने शेजारच्या टेबलाकडे बोट केले. मघाशी मान वळवणाऱ्या गृहस्थांपुढे चाशूचा वाडगा होता. “वो क्या है?” आम्ही सांगितले. “छी!” तो मोठ्याने म्हणाला. त्याला आम्ही जवळ घेतले आणि सांगितले, आपण ते खात नाही, बस्स. आपण खात नाही म्हणून दुसऱ्याच्या ताटाला छी म्हणायचे नसते. मोठी अजून गप्प होती. मग तिने भावाला समजावले, “कुणी आपल्या डब्याला तसं म्हटलं तर?” ती हे मराठीत म्हणाली, शाळेच्या भाषेत. ते गृहस्थ मराठीच होते. त्यांनी ऐकले. वाडगा थोडा आपल्याकडे ओढून घेत ते धाकट्याला म्हणाले, “बाळा, तुझा मका मस्त दिसतोय.” पुढे बोलणे वाढले नाही, वाढायची गरजही नव्हती.

परतीच्या वाटेवर मुले झोपली. आम्ही दोघे मात्र शिरूर गेले तरी त्याच विषयावर बोलत होतो. मुलांना आम्ही पुन्हा डबा बांधून देऊ शकतो. निदान प्रवासात तरी. ते सोपे आहे, स्वस्तही आहे, आणि अम्मीच्या हाताची चव कुठल्याही हॉटेलात नाही. पण आयुष्यभर पुरेल एवढा डबा कुणालाच बांधून देता येत नाही. उद्या ही मुले शिकायला जातील, नोकरीला जातील, कदाचित सुप्याच्या एखाद्या कारखान्यात, कदाचित थेट जपानला. तिथे त्यांच्यासमोर परके वाडगे येतील. तेव्हा त्यांना ताठ मानेने, गोड शब्दांत विचारता आले पाहिजे, उत्तर नको असलेले निघाले तर ‘शुक्रिया, हे आम्हाला चालत नाही’ म्हणता आले पाहिजे. आणि त्यांच्या डब्यात वाकून कुणी विचारले, तर झाकण पूर्ण उघडून सांगता आले पाहिजे.

शाळेतला तो प्रश्न आमच्या मुलीच्या मनातून एका वाडग्याने पुसला गेला, असे आम्ही म्हणणार नाही. डब्यात अजून काही दिवस बटाटाच जात होता. मग एकदा तिने स्वतःहून भुर्जी मागितली. त्या दिवशी शाळेत काय झाले, ते आम्ही विचारले नाही.

त्यानंतरच्या रमजान ईदला तिच्या वर्गातल्या मैत्रिणी घरी आल्या. संध्याकाळ होत आली होती. श्रीगोंद्याहून आलेल्या हातशेवयांचा शीरखुर्मा तयार होता, खारीक, बदाम, चारोळ्या घातलेला. आम्ही वाट्या भरत असताना मोठी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला विचारत होती, “यात दूध आहे, शेवया आहेत, सुका मेवा आहे, तूप आहे. तुला काय चालतं?” एका जैन मैत्रिणीच्या आईने बाहेर पाहिले. दिवस मावळत आला होता. आता नको बेटा, त्या म्हणाल्या, आमचे सूर्यास्तानंतर नसते. मोठी आत धावत आली, डबा काढला, झाकण नीट लागते की नाही ते पाहिले आणि अम्मीला म्हणाली, “इसमें भर दो. वो सुबह खाएंगे.”